पुढच्या सतरंजीवरची गर्दी

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. उपदेश करायला मात्र भारी आवडायचं, आणि एकोणिसाव्या वर्षी मिशनच्या शाळेत मास्तरीण झाल्यावर तर काय, माकडाच्या हाती कोलीतच. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. दर बुधवारी मी सेटलमेंटात जाऊन बायकांना ख्रिस्ताची शिकवण सांगायची. सेटलमेंट म्हणजे तारेच्या कुंपणातली वस्ती. ज्या जमातींवर सरकारनं जन्मापासूनच गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता, त्यांना तिथं ठेवलेलं. रोज हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर चिठ्ठी घ्यायची.

तिथं गिरणीत काम करणारी एक बाई नेमानं ऐकायला यायची. माझ्या आईच्या वयाची, तरी मी तिला अगं-तुगं करायची आणि ती मला 'बाई' म्हणायची. वर्ग तिच्याच खोलीत भरे. शिकवून झालं की ती विचारी, "बाई, पानी देऊ?" मी म्हणे, "नको गं, तहान नाही." सोलापूरचं चैत्रातलं ऊन, जीभ टाळूला चिकटलेली, आणि मला वर्षभर तहान नाही! तिला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं.

एकदा मी खडकावरचं घर आणि वाळूवरचं घर शिकवलं. ऐकून तसं वागेल त्याचं घर टिकतं, नुसतं ऐकेल त्याचं पुरात जातं. ती जरा विचार करून म्हणाली, "मग तुमच्यात लई घरं पडत असतील की." मी फणकाऱ्यानं पुस्तक मिटलं आणि चालती झाले.

पुढं तिनं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या रविवारी तिचं पहिलं प्रभुभोजन होतं, म्हणजे ख्रिस्ताच्या नावानं सगळ्यांनी एकत्र बसून प्याला घ्यायचा. आदल्या बुधवारी ती नवऱ्याचं बोलणं सांगू लागली, "मालक म्हनत्यात, ती मानसं तुला पंगतीत घ्यायची न्हाईत. घेतलं तर मीबी येतो, न्हाय घेतलं तर तू परत ये, पुन्यांदा तिकडचं नाव काढू नगंस." मी म्हटलं, "वेडी का काय? प्रभूच्या घरी भेद नाही." म्हणायला माझ्या बापाचं काय गेलं!

आमच्या ख्रिस्ती देवळात एकच प्याला होता. उकळलेल्या मनुकांचा रस असायचा. प्याला आधी पुरुषांत फिरे, मग बायकांत, पुढच्या सतरंजीपासून मागं, हातोहात. पुढची सतरंजी एरवी ओस पडलेली, कारण पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, नजरेखाली कोण बसणार? त्या रविवारी मात्र पहिली घंटा व्हायच्या आतच ती भरली. एकमेकींच्या मांडीवर बसायच्या तेवढ्या बाकी होत्या. पाळकसाहेबांना बिचाऱ्यांना वाटलं, मंडळी जागी झाली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सेटलमेंटातल्या त्या बाईच्या आधी प्यायचं, तिच्या उष्ट्याला तोंड लावायचं नाही, एवढंच सगळ्यांच्या मनात. आणि आमच्यातल्या निम्म्याजणींच्या आज्यांना गावच्या विहिरीवर लोकांनी वरून ओंजळीत पाणी ओतून पाजलं होतं. माझ्याही आजीला.

मीही पुढंच होते. आईनं लवकर उठवलं आणि मी निमूट आले. एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला माझी होणारी सासू. पावसाळा सरला की तिच्या मुलाशी माझं लग्न व्हायचं होतं.

ती सेटलमेंटातली बाई उशिरा आली. चिठ्ठी मिळायला वेळ लागला असावा. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. मी मान वळवून पाहिलं तर शेवटच्या सतरंजीवर एकटी बसलेली, आणि आमच्या नि तिच्या मधल्या दोन सतरंज्या रिकाम्या. ती त्या रिकाम्या सतरंज्यांकडं बघत होती. मग तिनं मला पुढं बसलेलं पाहिलं.

प्याला सासूबाईंकडून माझ्या हातात आला. आमच्यात प्याला न पिता पुढं द्यायचा म्हणजे अंगावर पाप असल्याची कबुली. लग्नाच्या मुलीनं तसं केलं तर बायका दिवस मोजायला लागत. हे मला ठाऊक होतं. तरी माझ्यानं प्याला तोंडाला लाववला नाही. मी तो आईपुढं धरला.

"पी," आई कुजबुजली.

मी मान हलवली.

"पी म्हणते ना, कार्टे."

आईला प्याला घ्यावाच लागला. सासूबाईंनी माझ्या पोटाकडं पाहिलं.

पुढची सतरंजी संपली तसा पाळकसाहेबांनी प्याला आपल्या हातात घेतला आणि रिकाम्या सतरंज्यांवरून तिच्याकडं निघाले. मी उठले. "बस खाली," आई म्हणाली. मी गेले आणि तिच्या पाठीमागं भिंतीला टेकून बसले. पाळकसाहेबांनी थबकून माझ्याकडं पाहिलं. प्याला त्यांनी तिला दिला.

तिनं तो दोन्ही हातांत धरला, मान मागं टाकली आणि ओठ न लावता वरून घोट घेतला.

पाणी तिला जन्मभर असंच मिळालं होतं. दुसऱ्याच्या भांड्याला ओठ लावायचा नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. पुढची सगळी सतरंजी माना वळवून बघत होती. ज्याच्या धास्तीनं सकाळपासून रेटारेटी केली, ते उष्टं झालंच नव्हतं. प्याला तिनं मागं वळून माझ्या हातात दिला आणि मी प्यायले. मी मोठा पराक्रम करायला आले होते, आणि त्या काठाला तिचा ओठ लागलेलाच नव्हता. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

सासूबाई माझ्याशी न बोलता गेल्या. आठ दिवसांत सोयरीक मोडल्याचा निरोप आला. आई म्हणाली, "नुसतं लोका सांगे ब्रह्मज्ञान केलं असतंस, तर लग्न तरी झालं असतं."

पण त्या रविवारी दुपारी, देऊळ सुटल्यावर, मी तिच्याबरोबर सेटलमेंटपर्यंत चालत गेले. तिचा नवरा उंबऱ्यात बसला होता. "काय झालं? घेतलं व्हय पंगतीत?" त्यानं विचारलं. ती माझ्याकडं बघत राहिली.

मी म्हटलं, "मावशी, पाणी द्या. तहान लागलीय."

तिनं तांब्या राखेनं दोनदा घासला, भरून आणला आणि माझ्या ओंजळीत ओतायला वर उचलला.

"असं नको. आधी तुम्ही प्या. ओठ लावून."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मग अवघडून तांब्याला ओठ लावला. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. तांब्या माझ्या हातात आला तेव्हा काठावर तिच्या ओठांची ओल दिसत होती. खोटं कशाला बोलू, माझा हात थांबला. देवळात नव्हता थांबला, तिथं थांबला. ती खाली बघत होती, नवरा मात्र माझ्या हाताकडं बघत होता.

मग मी तिथंच ओठ लावले, आणि तांब्या रिकामा झाल्यावरच खाली ठेवला.

नवरा उठून धोतर झटकत बायकोला म्हणाला, "ऐतवारची चिठ्ठी मलाबी घ्यावी लागंल की."