दोघांनी म्हटलं, ओव्हर

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमची प्लाटून पोस्टवर चढली. मी तेव्हा नायब सुभेदार. माझ्यासह बावीस माणसं, रॉकेलच्या दोन शेगड्या म्हणजे बुखाऱ्या, चार महिन्यांचं रेशन. पोस्टचं नाव सांगणार नाही. आमच्या लालबागच्या सोसायटीत झेंडावंदन झालं की कुणीतरी विचारतंच, "शिर्के, किती मारलेत हो?" डोकं फिरतं. एकही नाही मारला. त्या हिवाळ्यात शत्रू दिसलासुद्धा नाही. मला सांगायचंय ते वेगळं आहे. शेवटचा एक रेडिओ संदेश मी एका बापाला एकोणीस वर्षं अर्धाच सांगितला.

बावीसात मुंबईचे आम्ही तिघे. मी, लान्स नाईक आंतोन परेरा आणि शिपाई शमुवेल साळवे. परेरा गिरगावचा, कॅथलिक. साळवे परळचा, प्रॉटेस्टंट. त्याचे वडील म्युनिसिपल शाळेतले निवृत्त मास्तर. परेरा आणि साळवे बडी होते, म्हणजे ड्युटीला जोडी, झोपायला जोडी आणि भांडायलाही जोडी.

पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सज्ज राहणं, सातला चहा, आठला बर्फ काढणं. हातात फावडं आलं की यांचं सुरू.

साळवे म्हणायचा, "तारण कमावता येत नाही रे. ती देवाची कृपा. आपण विश्वास ठेवायचा, बस."

"मग ठेव विश्वास आणि बघ रस्ता साफ होतो का! कृपा आम्हीपण मानतो. पण तिने हात दिला की आपण हात द्यायला नको? उपास, कन्फेशन, दुसऱ्यासाठी चार कामं. नुसतं बसून काय?"

"बसलोय कुठे? तुझ्यापेक्षा जास्त बर्फ काढलाय. पण तारण मिळावं म्हणून नाही काढत. मिळालंय म्हणून काढतो."

"म्हणजे काढतोस ना? झालं तर मग!"

हे पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी गाढवपणा केला. आमच्या घरात तारण म्हणजे एकच, पतपेढीत सोनं ठेवणं. मला वाटलं, पोराने घरातलं काहीतरी गहाण टाकलंय. साळवेला आत बोलावून झापला. "आईचं काय तारण ठेवलंस? खरं बोल." तो आधी बावचळला, मग हसता हसता त्याला ठसका लागला. "साहेब, तारण म्हणजे उद्धार. आमच्या चर्चमधला शब्द आहे." त्यानंतर सगळी पोस्ट माझ्या पाठीमागे मला 'पतपेढी' म्हणायची. मला माहीत होतं.

नाताळला परेराने त्याला मारियामातेचं छोटंसं मेडल दिलं. साळवेने हात मागे घेतला. "नको रे. आम्ही मारियेकडे काही मागत नाही. बाबांना कळलं तर मला दारात उभं करणार नाहीत." परेराचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस दोघांत बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी फावड्यावरून पुन्हा जुंपली आणि मला बरं वाटलं.

जानेवारीतला पहिला शनिवार. सकाळी सात वाजता चौघे पेट्रोलवर निघालो. आम्ही तिघे आणि साताऱ्याचा कदम. १०२० ला, म्हणजे दहा वाजून वीस मिनिटांनी, नाल्याच्या कडेला परेराचा पाय माइनवर पडला. जुनी माइन बर्फाबरोबर सरकून वाटेवर आली होती. उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नाही. साळवेने मांडीला पट्टा आवळला, मी मॉर्फिन टोचलं. मग रेडिओ सेट हातात घेतला.

"एक कॅज्युअल्टी. माइन. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"हेलिकॉप्टर नेगेटिव्ह. खाली हेलिपॅडवर ढग आहेत. पोस्टवरून स्ट्रेचर पार्टी निघतेय. ओव्हर."

परेरा शुद्धीवर होता. पायाचं त्याने एकदाही विचारलं नाही. माझी बाही धरली. "साहेब, फादरला सेटवर घ्या. माझं कन्फेशन राहिलंय. असाच नाही जायचं मला." नाताळसाठी आलेले फादर बर्फामुळे बटालियन हेडक्वार्टरला अडकून पडले होते. मी विचारणा केली. पंधरा मिनिटं उत्तर नाही. परेरा दर मिनिटाला विचारत होता, "आले का? आले का, साहेब?" तोफेच्या आवाजाने मी कधी घाबरलो नाही, त्या प्रश्नाने घाबरलो.

१०५० ला उत्तर आलं. "फादर म्हणतात, रेडिओवर कन्फेशन होत नाही. मनापासून पश्चात्तापाची प्रार्थना करायला सांगा. कुणीतरी जवळ बसून म्हणवून घ्या. देव ऐकतो. ओव्हर."

आता प्रश्न होता थांबायचं कुणी. स्ट्रेचर पार्टीला माइन कुठे सरकल्यात ते ठाऊक नव्हतं. आमच्या पावलांवरून त्यांना आणायला मला जाणं भाग होतं, आणि त्या बर्फात एकट्याने चालायचं नाही हा नियम. कदम माझ्याबरोबर येणार होता. साळवे म्हणाला, "मी थांबतो." वर कड्यावर बर्फ साचलेला होता आणि ऊन चढत होतं. ते मला दिसत होतं. निर्णय माझा होता. सेट साळवेजवळ ठेवला.

"परत येईपर्यंत हलायचं नाही," मी म्हणालो.

"येस साहेब."

वीस-पंचवीस पावलांवर मी थांबलो. मागून परेराचा आवाज येत होता, तुटक. "पश्चात्ताप झाला की मारियामातेचं नमो मरिये म्हणायचं. एकट्याला नाही जमणार रे मला. तू म्हण ना." मग साळवेचा आवाज आला, "मला येत नाही. तू सांग, मी मागून म्हणतो." मी कदमला चल म्हटलं.

१२४० ला खिंडीत स्ट्रेचर पार्टी भेटली. त्यांच्याजवळ सेट होता. १२५० ला साळवे बोलला. आवाज नेहमीसारखा, बर्फ काढताना असायचा तसा.

"पश्चात्तापाची प्रार्थना झाली. नमो मरियेपण झालं. दोघांनी म्हटलं. ओव्हर."

"शाब्बास. दीड तासात पोचतो. ओव्हर."

१३०५ ला आवाज आला. कड्यावरचा सगळा बर्फ खाली उतरला. आम्ही अजून वाटेतच होतो. सेटवर मी किती वेळ ओरडत होतो ते मला सांगता येणार नाही. शेवटी कदमने सेट माझ्या हातातून काढून घेतला. दोघे दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले. साळवे परेराच्या अंगावर पालथा होता आणि त्याचा हात परेराच्या मानेखाली होता. तारणाचा मला एकच अर्थ येत होता. साळवेला मी तिथे तारण ठेवून आलो आणि सोडवायला पोचलो नाही.

दोन्ही शवपेट्या मुंबईला मीच आणल्या. गिरगावात परेराच्या आईने, मेरीमावशीने, एवढंच विचारलं, "प्रार्थना म्हटली त्याने?" तिला पूर्ण संदेश सांगितला. ती रडली. मग म्हणाली, साळवेसाठीही मिस्सा सांगते. मिस्सा म्हणजे त्यांची चर्चमधली उपासना, गेलेल्याच्या नावानेही करतात. परळला साळवे मास्तर ताठ उभे होते. "मिस्सा नको. मेलेल्यांसाठी आम्ही प्रार्थना करत नाही. त्याचं तारण झालंय." मग मला म्हणाले, "शेवटी काय बोलला?"

"परेराला धीर दिला, मास्तर. त्याच्याकडून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणवून घेतली." पुढचं गिळलं. ज्याला दारात उभं करणार नव्हते, तो पेटीतून आला होता. त्याच्यावर आणखी काही नको, असं मला वाटलं.

मेरीमावशी दर जानेवारीत मिस्सा सांगते. मास्तरांचा शब्द राखून फादरला द्यायच्या चिठ्ठीवर लिहिते, 'आंतोन आणि त्याचा मित्र'. गेली काही वर्षं मास्तरही येतात. आत जात नाहीत. चर्चच्या आवारातल्या बाकावर बसतात आणि मी त्यांच्याशेजारी. मुलाविषयी आम्ही बोलत नाही.

यंदा आतून प्रार्थना ऐकू आली, 'नमो मरिये'. माझे डोळे भरले. मास्तर चौऱ्याऐंशीचे आहेत, पण नजर शिक्षकाची. "शिर्के, तुम्ही माझ्यापासून काहीतरी ठेवलंय. कधीचं दिसतंय मला."

मी संदेश सांगितला. शब्दाला शब्द. एवढी वर्षं कुठल्या हक्काने ठेवलं, असं ते विचारतील याची वाट बघत होतो.

मास्तर काठीकडे बघत म्हणाले, "त्याला ते म्हणायची काही गरज नव्हती."

"नव्हती, मास्तर."

"गरज नव्हती." त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "म्हणून तर म्हणाला पोरगा."

मग ते म्हणाले, "त्या बाईंना सांगा, माझ्या मुलाला प्रार्थना नको. पण 'मित्र' काय लिहिता? नाव आहे त्याला."

मी खिशातलं पेन काढलं. पुढच्या जानेवारीची चिठ्ठी तिथेच बाकावर बसून लिहिली, रँकसकट. लान्स नाईक आंतोन परेरा. शिपाई शमुवेल साळवे.