सत्काराचा नारळ

त्या दिवशी मी माईकवर जे बोललो, ते आठवलं की अजून कान तापतात.

धुळ्यात आमच्या कॉलेजात तो मुलांपुढे बोलायला आला होता. जन्मठेप भोगून सुटलेला, चाळिशीतला माणूस. खुर्ची पुढे केली तरी 'बसा' म्हटल्याशिवाय बसला नाही. सोबत एक म्हातारी होती. तिला त्याने पहिल्या रांगेत बसवलं आणि पाण्याची बाटली तिच्या हाताशी ठेवली.

सत्कार माझ्याकडे होते. मी जोशात म्हणालो, "अशा लेकाला सावरणाऱ्या माउलीचाही सत्कार झालाच पाहिजे!" टाळ्या पडल्या. म्हातारी मंचावर आली, नारळ घेतला आणि माईकजवळ शांतपणे म्हणाली, "मी यानी माय नही शे. यानी ज्या पोऱ्याले मारं, त्यानी माय शे."

माझ्या हातातली शाल हातातच राहिली.

मग तो बोलला. क्रिकेट खेळताना आउट की नॉटआउट यावरून भांडण, हातात स्टंप, एकच फटका. बोलताना हात पाठीमागे बांधलेले. मेलेल्या मित्राचं नाव त्याने पंधरा-वीस वेळा तरी घेतलं. दर वेळी पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

चहाच्या वेळी मला राहवेना. "आक्का, याच्याबरोबर कशा काय फिरता तुम्ही?"

तिने कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे बोट केलं.

"बठ्ठा लोक ईसरी ग्यात, भाऊ. मना पोऱ्यानं नाव आते हाऊ एकलाच लेस."