तीव्र नुकसान झालेली खोली

पाऊस आणि खाडीची भरती यांची एका दुपारी गाठ पडली आणि करावे गावातल्या खालच्या आळीत गुडघाभर पाणी शिरलं. मी सीवूड्सला सातव्या मजल्यावर राहते, माझ्या पायाला थेंबही लागला नाही. पण निवृत्तीनंतर हौसेनं एका मदतसंस्थेत नाव दिलं होतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन मी गावात हजर.

काम सोपं होतं. घराचे फोटो काढायचे, संस्थेच्या अ‍ॅपमधलं एआय ते बघून नुकसान ठरवणार आणि त्याप्रमाणे मदत मिळणार. वशिला नाही, भेदभाव नाही, असं ट्रेनिंगमध्ये इतक्या वेळा सांगितलं की मलाच संशय यायला लागला होता.

पहिलंच घर माझ्या मासळीवालीचं. वीस वर्षं मी तिच्याशी घासाघीस करते आहे आणि वीस वर्षं हरते आहे. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. गादी पाण्यानं कुजली म्हणून म्हातारी चटईवर पडून होती आणि पाठीवर लाल चट्टे उठले होते. तिला गादी हवीच होती.

पण फोटो काढायला माणसं येणार म्हटल्यावर या बाईनं दोन दिवस खपून घर धुऊन काढलेलं. लाद्या फिनाइलनं पुसलेल्या, भांडी चकचकीत, दारात रांगोळी, भिंतीवरच्या पाण्याच्या डागावर चुना, आणि ही स्वतः गळ्यात सोनं घालून उभी. अ‍ॅपनं निकाल दिला: नुकसान आढळले नाही. चार कोपऱ्यांतून चार फोटो काढले, चारही वेळा तेच. शेवटी मी हळूच सुचवलं, थोडा चिखल पसरू या का? तिनं असं बघितलं की मी मुकाट्यानं चहा संपवून निघाले.

घरी आले ती चिडूनच. यंत्राची अक्कल बघावी म्हणून माझ्याच बेडरूमचा फोटो काढला. खुर्चीवर आठवड्याचे कपडे, पलंगावर रद्दी, जमिनीवर उघडी बॅग. निकाल: तीव्र नुकसान, तातडीची मदत द्यावी. मी एकटीच खो खो हसले. मग डोक्यात किडा वळवळला आणि तोच फोटो मासळीवालीच्या नावावर पाठवून दिला. फोटो खोटा होता, पण म्हातारीची पाठ खरी होती.

दोन दिवसांत गादी पोचली. मंजुरीच्या मेसेजसोबत फोटोही तिच्या मोबाईलवर जाईल, हे मला कुठं माहीत! मी गेले तेव्हा गादी प्लॅस्टिकमध्येच दाराशी उभी होती आणि म्हातारी चटईवरच.

"ताई, हा कोनाचा घर हाय?" तिनं फोटो पुढं केला. "काय हाल झालेत बिचारीचे. आमची सासू काढंल अजून दोन दिवस. ही गादी पयले तिला द्या."

माझी सगळी हुशारी उतरली. मला भयंकर लाज वाटली. तो फोटो माझ्या घरचा आहे आणि तिथं पाणी आलंच नव्हतं, हे मी सांगून टाकलं.

"आदी त्यांना खरा सांगा," ती म्हणाली.

मी तिच्यासमोरच संस्थेत फोन लावला. तिकडच्या बाईंनी विचारलं, म्हातारी खरंच जमिनीवर झोपते का? अ‍ॅपमध्ये हा प्रश्नच नव्हता. मी हो म्हटलं आणि त्या म्हणाल्या, गादी राहू द्या.

तिनं प्लॅस्टिक फाडलं, मला म्हातारीचे पाय धरायला लावले. सासूला गादीवर नीट निजवून, पाठीखालची चादर सारखी करून ती माझ्याकडे वळली.

"रविवारी झाडू घेऊन येन मी. तुमी फक्त दार उघडा."