बासूने बसवलेला दात

वाळवंटाच्या कडेच्या आमच्या हस्सी तिझी गावात बासूला कुणी बासू म्हणत नाही, दातवाला म्हणतात. त्याच्या स्वतःच्या तोंडात जेमतेम अकरा दात उरलेत, बाकीचे पुदिन्याच्या चहातल्या साखरेने खाल्ले, तरी नाव दातवाला. तो माझा मावसभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आणि गेली तीस वर्षं आम्ही दोघं एकाच कड्यात बीळ पोखरतोय. तेव्हा त्याच्याबद्दल बरंवाईट बोलायचा हक्क गावात कुणाला असेल तर मला आहे, आणि त्याच्या बायकोला, इत्तो वहिनीला.

कड्याच्या मधोमध तांबड्या दगडात एक थर जातो, हातभर जाडीचा. डायनासोरांच्या काळातल्या जनावरांचे दगड झालेले दात, हाडं, जे काही आहे ते त्या थरात. एके काळी इथे मोठी नदी होती म्हणे, आता विहिरीत दोर सोडून सोडून हात दुखतात. पोटावर सरपटत आत जायचं, लोखंडी सळईने थर टोकरायचा, आणि मागच्याने माती ओढून बाहेर टाकायची. मागे नेहमी मी. बासूचं म्हणणं असं की त्याच्या बोटांना दिसतं आणि मला डोळ्यांनीसुद्धा दिसत नाही.

राग येतो, पण खोटं नाही. अंधारात हाताला दात लागला की बाहेर येण्याआधीच तो सांगतो. गोल, अंगावर उभ्या रेघा आणि कडा गुळगुळीत असल्या तर ती खुंटी, म्हणजे मासे खाणाऱ्या लांबतोंड्याचा दात. चपटा, रुंद आणि दोन्ही कडांना करवतीसारखे बारीक दाते असले तर ती सुरी. ती त्या दुसऱ्याची, जमिनीवरच्या शिकाऱ्याची, ज्याच्या लेखी बाकी सगळी जनावरं म्हणजे जेवण. बासू कडेवरून अंगठ्याचं नख फिरवतो, आणि नख अडखळत गेलं की सुरी. मग उजेडात आणून कडेजवळच्या बारीक सुरकुत्या बघत बसतो. बाकीच्यांना दात सापडला की गिऱ्हाईक आठवतं, याला ते जनावर आठवतं. त्याने काय काय फाडलं असेल, कसं चावलं असेल, यातच हा रमतो आणि मी उन्हात माती ओढतो.

हाडाची परीक्षा जिभेने करायची. दगड जिभेवरून सुटतो, जुनं हाड चिकटतं. रमझानमध्ये याची पंचाईत होते. मग बासू दिवसभराचे संशयित तुकडे खजुरांच्या ताटलीशेजारी ओळीने मांडून ठेवतो, आणि संध्याकाळची बांग झाली की एक खजूर तोंडात टाकून तुकडे चाटायला लागतो. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "माझं सूप निवतंय आणि हे दगड चाटतायत."

हे गुण झाले. आता खोड. बासूला फट बघवत नाही. टोक तुटलेला दात आला की गोंदात दगडाचा भुगा कालवून तो नवं टोक करतो. जबड्याच्या तुकड्यात रिकामी जागा असली की वरवर खरवडून तिथे दुसरा दात बसवतो. फसवायचं म्हणून नाही, कुणी विचारलं तर सरळ सांगतो. पण आमच्यात पाहुण्यापुढे फुटकं, अर्धवट काही ठेवत नाहीत, आणि बासू या बाबतीत सगळ्यांच्या वरताण. त्याच्या घरी टवका उडालेला पेला पाहुण्याच्या नजरेलासुद्धा पडत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्हाला जबडा सापडला. खालचा, डाव्या बाजूचा, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, आणि त्यात आठ सुऱ्या जागच्या जागी. मधली एकच जागा लाल दगडाने भरलेली. सुटे दात आम्ही हजारो काढले असतील, पण हाडात बसलेली सुरी मी जन्मात पाहिली नव्हती. बासू त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्याच दिवशी अरफूद शहरातून एक व्यापारी आला. त्याला जबडा नको होता. हाड फोडून आठ दात वेगवेगळे हवे होते, तसे लवकर खपतात. बासूने त्याला तीन पेले चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग मला म्हणाला की हा जबडा अख्खा राजधानीत, राबातच्या विद्यापीठात जाईल, आपल्या देशात राहील, आणि त्याच्याखाली हस्सी तिझी असं लिहिलं जाईल. आमच्या गावाचं नाव तोपर्यंत नकाशातसुद्धा नव्हतं.

अर्धा वाटा माझा होता आणि माझ्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं, विद्यापीठवाल्यांनी घेतला तर त्यांचा, नाकारला तर व्यापारी छिन्नी घेऊन येईल आणि मी त्याला अडवणार नाही. बासूने होकाराची मान डोलावली. शाळेतल्या मास्तरांनी विद्यापीठात फोन केला आणि जुम्म्याच्या आदल्या दिवशी तिथल्या जुन्या हाडांच्या जाणकार डॉक्टर नुझाबाई आमच्याकडे आल्या.

वहिनीने मांस भरून भाजलेली भाकरी केली होती. बाईंनी पोटभर खाल्ली, हात धुतले आणि म्हणाल्या, दाखवा. बासूने कापड बाजूला केलं. मी दात मोजले, पुन्हा मोजले. नऊ भरले.

मधल्या जागेत जो दात होता तो मी ओळखत होतो. बासूला आयुष्यात सापडलेली ती पहिली सुरी. कितीही मोठा आकडा ऐकला तरी तो ती विकत नसे, सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरे. आदल्या दुपारी त्याने पाहुणीच्या मानासाठी ती जबड्यात बसवून टाकली होती, आणि काम इतकं सफाईदार की सांधा दिसत नव्हता.

बाई भिंग घेऊन एकेका दातावरून सरकत गेल्या आणि त्या दातापाशी थांबल्या.

"हा कुणी बसवला?"

"मी, बाई," बासू म्हणाला. "तोंड बोडकं दिसत होतं."

"दात खरा आहे, आणि सुंदर आहे. पण याचं टोक घासलंय आणि याला मूळ नाही. जेवता जेवता पडलेला दात आहे हा. पडलेला दात जबड्यात उभा कसा राहील?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "एक तुम्ही बसवलात, मग बाकीचे आठ कुणाचे, हे मी कशावरून सांगू?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा पडला होता आणि त्या पिशवी आवरायला लागल्या होत्या. बासू खालमानेने बसून राहिला. माझ्या डोळ्यांपुढे छिन्नी दिसायला लागली, आणि खरं सांगतो, मुलीचं लग्न असूनही मला ती नको झाली.

तेवढ्यात वहिनी पुढे झाली. "बाई, ह्यांनी बसवलेले दात मी तीस वर्षं बघतेय. सगळे एका उंचीचे असतात. हे आठ बघा कसे वाकडेतिकडे आहेत. इतकं गचाळ काम ह्यांच्या हातून व्हायचंच नाही."

बाई मोठ्याने हसल्या. पण हे कागदावर कसं लिहू, म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की या जनावरांचे दात जन्मभर पडत आणि खालून नवे येत. हाडातून नुकता वर येणारा दात दिसला असता, तर गोष्ट वेगळी होती. तो कुणाला हाताने करता येत नाही.

बासू उठला. गोंद विरघळवायचं औषध आणि बारीक सुई घेऊन आला आणि दारातल्या उन्हात बसला. आपली पहिली सुरी त्याने सोडवली आणि न बघता बाजूला ठेवली. मग आपणच भरलेला लगदा उकरून काढला. खाली तोच लाल दगड होता, ज्याला त्याने हात लावला नव्हता. कारण वरून झाकलं की झालं, खाली कोण बघतंय. आता तो कणाकणाने दगड टोकरत खाली गेला. एकदा कडेचं हाड खपलीएवढं सुटलं आणि बाईंनी भिंग पुन्हा हातात घेतलं. ऊन उंबऱ्यावरून अंगणात सरकलं तरी त्याने मान वर केली नाही.

मग सुई थांबली. त्याने खड्ड्यात फुंकर मारली, करंगळीचं नख आत घातलं आणि हळूच फिरवलं.

"सुरी," तो म्हणाला.

हाडाच्या आतल्या बाजूने, भाताच्या दाण्याएवढं, एक काळं चकचकीत टोक वर आलं होतं. दोन्ही कडांना करवत. बाई भिंग घेऊन त्यावर वाकल्या त्या वाकल्याच. मग त्या अंगणातल्या मातीत तशाच बसल्या आणि म्हणाल्या, "बासूभाऊ, ही फट आहे म्हणून हा जबडा मी नेतेय."

वहिनीने लग्नात काढतात तसा लांबलचक आनंदाचा सूर काढला आणि शेजारपाजारच्या बायका धावत आल्या. बाईंनी कागद काढला. सापडलं त्या जागेपुढे त्यांनी हस्सी तिझी लिहिलं आणि शोधणारे म्हणून आम्हा दोघांची नावं घातली. मला भरून आलं, ते मी लपवलं नाही.

बासू मात्र सुई हातात घेऊन तसाच बसला होता. मी जवळ गेलो तर हळू आवाजात म्हणाला, "अद्द्या, तीस वर्षांत असले किती बुजवले असतील रे मी?"

एरवी मी त्याला सोडलं नसतं. त्या वेळी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने डोळे पुसले आणि उठला. बाईंना फोटो घ्यायचा होता, जबडा नीट धरा म्हणाल्या. बासूने तो दोन्ही हातांनी उचलला आणि फट पुढे येईल असा वळवून धरला.