मुरुमापर्यंत

घरमालकाने भिंत वीतभर सरकवायला सांगितली, तरी ठेकेदार खिशातून वही काढून त्याच्यापुढे धरत. काय बदलायचं आणि त्याचा खर्च किती वाढेल, हे लिहून सही झाल्याशिवाय त्यांच्या माणसांनी घण उचलायचा नाही. पुलगावात त्यांना सगळे ठेकेदारच म्हणत. मी त्यांच्याकडे मुकादम होतो.

एका शेटजींनी बांधून झालेल्या देवघराचं तोंड फिरवायला सांगितलं. वही पाहून ते चिडले. "काऊन ठेकेदार, माह्यावर भरोसा नाई का?"

"भरोसा आहे ना शेटजी. पण घरभरणीच्या दिवशी तुमाले वाटन, हे पयलेपासून असंच होतं."

शेटजी हसले. सही केली.

ती वही काढायची ठेकेदार एकदाच चुकले. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाचणगावच्या पुढे एका खेड्यात सरकारी शाळेचं काम होतं. नकाशात पाया तीन फूट. खाली तीन फुटांवर नुसती काळी माती. ती उन्हात फाटते, पावसात फुगते, वरची भिंत तडकते. पावसाळा तोंडावर होता. तरुण इंजिनीअर चराच्या काठावरून म्हणाले, "खालचा घट्ट मुरूम लागेपर्यंत जा. कागद पाठवतो." ठेकेदार सात फूट खाली गेले. कागद येण्याआधी साहेबांची बदली झाली.

नव्या साहेबांनी वाढीव पायाचं बिल अडवलं. "पाया किती खोल आहे ते भिंतीलगत उकरून दाखवा, मंजूर करतो."

एकदा उकरलेली काळी माती पहिल्यासारखी बसत नाही. दर पावसाळ्यात त्याच वाटेनं पाणी इमारतीच्या पायात उतरतं. ठेकेदार म्हणाले, "नाई जमत साहेब. पोट्टे बसाचे आहेत अंदर."

परतताना मी म्हटलं, एकच खड्डा करू, लहानसा.

"कागद नाई घेतला, ते चूक माही. शाळेले काऊन शिक्षा?"

मजुरांची मजुरी चुकती करायला त्यांनी काँक्रीटचा मिक्सर विकला, मग राहतं घर. मला वर्ध्याला दुसरीकडे काम मिळालं.

ते वारले त्याच्या आदल्या वर्षी वर्ध्यातच एका बंगल्याच्या कामावर ते मला दिसले. परांचीवर उभे राहून प्लास्टर करत होते. मी खालून मोठ्याने हाक मारली, "ठेकेदार!"

ते लगबगीने खाली उतरले.

"मिस्त्री म्हणजो बाप्पा," ते हळूच म्हणाले. "इथचा ठेकेदार आयकून राह्यला."