कान कापलेली पिल्लं

भागरता गेली तेव्हा मी धानाच्या बांधीत होतो. शेजारचा सोमा धावत आला. "काका, काकूले झटका आला, उठूनच नाही राहिली." मी हातपाय धुतले, मग निघालो. धावलो नाही. कायले धावायचं... माझी बायको गेली, अजून रडू आलं नाही.

तिचे मिरगीचे झटके जुने. लोक म्हणत, देवाचं आहे. कचारगडच्या देवाकडेही नेऊन आणलं. मग गोंदियाहून जनावरांचे डॉक्टर आले. ते म्हणाले, डुकराच्या मटणात तांदळाच्या कणीसारखे दाणे असतात, ते खाल्ले की माणसाच्या पोटात जंत वाढतो. त्याची अंडी घाणीतून डुकराच्या पोटात जातात, अन् माणसाच्या पोटात गेली तर दाणे डोक्यात धरतात, मग झटके येतात. डुकराला टोचायची लस ते करून पाहत होते.

"मलेच टोचा ना जी," भागरता म्हणाली.

"बाई, डोक्यातलं या सुईनं निघत नाही."

"मंग डुकराले टोचा. माह्या लेकीच्या डोक्यात तं नाही जाणार?"

पिल्लं तिनंच पाळायला घेतली. अर्धी टोचलेली, अर्धी तशीच. सगळी कोठ्यात कोंडायची, खाणं डॉक्टर देतील तेच, त्यात जंताची अंडी सगळ्यांना सारखीच. टोचलेली ओळखू यावीत म्हणून डॉक्टरांनी त्यांचे कान कापले. आता आमच्याकडे कान कापलेलं डुक्कर म्हणजे देवाला सोडलेलं. हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, अन् आम्हाला सांगायचं सुचलं नाही. आम्ही बाजाराला गेलो तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी कोठा उघडला, कापलेल्या कानांची तेवढी निवडली, हळद लावली, सोडून दिली. ती गावभर घाण खात फिरली.

डॉक्टर डोक्याला हात लावून बसले. "आता यांच्यात दाणे निघाले तर लस खोटी, की गावची घाणच जास्त... कसं सांगू?"

"देवाचं जनावर कोंडता काऊन?" एक म्हातारा उलट त्यांच्यावरच ओरडला.

भागरताला हसू आलं. "डॉक्टर, तुमची लस तं देवानंच नेली." मग हसू गेलं. "आणखी कराल ना जी?"

"करू," ते म्हणाले. त्यांची बदली झाली. लस काही आली नाही.

तेव्हापासून घरात मटण आलं की ती दारात उन्हाला बसायची, विळीवर बोटाएवढे पातळ तुकडे करायची, एकेक उजेडात धरायची. बाया म्हणत, "मटण निवडते का डाळ वो?" ही मान वर करत नसे. लेकीला आजवर झटका आला नाही.

परवा लेक आली. मटण आणलं होतं. कोणी सांगितलं नाही, ती उठली अन् दारात उन्हाला बसली. मी जवळ गेलो.

"काही दिसते का?"

"नाही बाबा."

"आणखी पाहा," म्हणालो, अन् तिथंच बसून राहिलो.