वांग्याला गेलेली हिरवी कड

आमच्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसातले किस्से म्हणजे सिंकमधले कप. चार धुवावेत, तोवर सहा येऊन पडतात! मी तिथं चहा करतो. शाळेत गेलो नाही, अक्षरं उतारवयात जोडायला शिकलो, म्हणून सांगतोही सावकाश. ऑफिस मात्र सदा घाईत.

*

पुण्याची अश्विनी नवीन लागली. तीन महिन्यांचं प्रोबेशन. काम एकच, वाचता न येणाऱ्यांसाठी भाजीचं ॲप. चौकटीचौकटींत भाज्यांची चित्रं. जी दाबाल तिच्याभोवती हिरवी कड यायला हवी आणि टिकायला हवी. शुक्रवारी क्लायंटला दाखवायचं. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर परत पुणं!

"काका, टोमॅटो दाबा."

दाबला. कड आली. खाली सरकवलं, वर आणलं, तर कड वांग्याला!

"काका, वांगं कशाला दाबलंत?"

"मी हातही नाही लावला, बाळ. वांगंच पुढं आलं!"

*

मंजुनाथ सर आमचे मॅनेजर, बेळगावकडचे. चहासुद्धा चालता चालता पितात. बुधवारी म्हणाले, "सोपं आहे. क्लायंटला सांगू, स्क्रोल करू नका!"

"म्हणजे सर, गिऱ्हाईकाला दुकानात बोलवायचं आणि मान वळवू नका म्हणायचं?" अश्विनीनं विचारलं.

सर माझ्याकडं वळले. "अण्णा, स्वल्प चहा."

*

गुरुवारी सरांचा धीरच सुटला. हिरवा मार्कर घेतला आणि फोनच्या काचेवर टोमॅटोभोवती चौकट काढली. "आता बघू कशी जाते!"

सरकवलं. चौकट राहिली, टोमॅटो गेला!

फोन सरांचाच होता. मार्कर काही पुसला जाईना.

*

त्याच दुपारची गोष्ट. अश्विनीचा चहा बिनसाखरेचा, म्हणून तिच्या कपाच्या कानाला मी दोरा बांधतो. सरांनी बिस्किटासाठी ट्रे फिरवला.

"काका, माझा कप कोपऱ्यातला ना?"

"कोपऱ्याचं काय घेऊन बसलीस? ट्रे फिरला की. दोरा बघ."

ती दोऱ्याकडं बघतच राहिली. "काका, मी खूण कोपऱ्याला बांधत होते! टोमॅटोला बांधायला हवी!"

आणि पळाली. तो अगोड चहा शेवटी मला प्यावा लागला!

*

शुक्रवारी क्लायंट बाईंनी टोमॅटो दाबला. चारदा खाली, चारदा वर. कड टोमॅटोलाच! टाळ्या पडल्या.

"हिला आत्ताच पक्की करतो," म्हणत सरांनी उभ्याउभ्याच ऑफिसचं जुनं ॲप उघडलं. ते भलत्याच कुणीतरी केलेलं. त्यातही चौकटीचौकटींत प्रोबेशनवरच्या सगळ्यांचे फोटो. ज्याच्याभोवती कड, त्याची नोकरी पक्की. सरांनी अश्विनीचा फोटो दाबला. कड आली. 'पक्की' करायचं बटण मात्र पार तळाला, सगळ्या फोटोंच्या खाली.

सरांनी अंगठा उचलला.

"सर!" अश्विनी ओरडली, "स्क्रोल करू नका!"